सेल्फ बदलायच्या आधी इथे दाखवा : आर्णी रोडचा ऑटो इलेक्ट्रिशियन

यवतमाळहून आर्णीकडे येताना हायवेला लागून ऑटो इलेक्ट्रिकचं एक छोटं टिनाचं दुकान आहे, त्याच्याबद्दल मुद्दाम लिहितोय, कारण गाडी सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) घेत नाही म्हटलं की आपल्या इकडे लोकांचे हजारो रुपये विनाकारण जातात अन् इथे तसं होत नाही.

माझी गाडी मॅन्युअल आहे, क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही अशी सिस्टीम. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत तिचं सुरू झालं, चावी फिरवली की डॅशबोर्डचे लाइट लागतात पण पुढे काहीच नाही, साधा टक आवाजही नाही, अन् थोड्या वेळानं परत चावी मारली तर एकदम चालू. तालुक्यातल्या एका गॅरेजमध्ये काही न खोलता सेल्फ मोटर बदला म्हणून सांगितलं.

इथल्या भाऊनं आधी बॉनेटही उघडलं नाही. हेडलाइट लावायला सांगितले अन् म्हणे आता चावी फिरवा. लाइट जसेच्या तसे. "बॅटरी उतरली असती तं लाइट मंद झाले असते, इथं तं सेल्फपर्यंत करंटच नाही जाऊन राहिला." मग मीटर लावून बॅटरी दाखवली, साडेबारा व्होल्टच्या वर. फ्यूज पाहिला, सेल्फची रिले (करंट चालू-बंद करणारा लहान डबा) काढून त्याच नंबरची दुसरी लावली, तरी तेच. सेल्फच्या बारीक वायरीवर टेस्ट लॅम्प धरून चावी मारायला लावली, लॅम्प पेटला नाही. म्हणजे करंट त्याच्या आधीच कुठंतरी अडतोय, सेल्फला दोष देण्यात अर्थच नाही, अन् हे सगळं त्यानं मला बाजूला उभं करून दाखवलं.

मग तो आडवा होऊन क्लच पेडलच्या वर घुसला. तिथे दोन वायरींचा एक लहानसा स्विच असते, क्लच दाबला की तोच सेल्फकडे करंट जाऊ देते. आधी पेडलवरचं रबराचं बटन चेक केलं, कारण काही गाड्यांत तेच झिजून तुटते, तुकडे खाली मॅटवर पडतात, स्विच दाबला जात नाही अन् लोक स्विचच बदलतात. माझं बटन शाबूत होतं. कपलर (वायरींचा प्लग) काढून स्विचला मीटर लावला, पेडल दाबलं की बीप यायला पाहिजे, ती कधी येई कधी नाही. शेवटी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढून कपलरच्या दोन टोकांना वायरीचा तुकडा लावला अन् चावी मारताच सेल्फ फिरला!

आता खरी गोष्ट. गावाकडे बरेच जण स्विच वगळून वायरी अशाच कायमच्या डायरेक्ट करून देतात, पैसे वाचतात म्हणून गिऱ्हाईकही खुश. यानं साफ नाही म्हटलं. "दादा, हे फक्त चेक करायले. गाडी गिअरमध्ये उभी राहिली अन् पोट्ट्यानं चावी फिरवली तं उडी मारून समोरच्याच्या अंगावर जाईल." आमच्या अंगणात म्हातारी माणसं बाजेवर बसलेली असतात, लेकरं गाडीभोवतीच खेळतात, त्यामुळे मला हे फार पटलं. नवा स्विच काही शे रुपयांतच आला, सेल्फ मोटरच्या मानानं काहीच नाही.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांना त्यानं सांगितलेलं, पी (पार्किंग) वर सेल्फ लागत नाही अन् एन (न्यूट्रल) वर लागते असं असेल तर गिअरजवळच्या, पी किंवा एन वरच सेल्फ लागू देणाऱ्या न्यूट्रल स्विचची सेटिंग आधी पाहा. अन् ब्रेक दाबून चालू होणारी असेल तर मागचे ब्रेक लाइट लागतात का ते बघा, नसतील लागत तर ब्रेकचा स्विचही असू शकते.

कमी एवढीच की पार्ट यवतमाळवरून मागवावा लागते, त्यात वेळ जाते. पक्कं बिल मिळत नाही. सावलीत बसायची सोय नाही, बाजाराच्या दिवशी गर्दी भयंकर, म्हणून सकाळी लवकर जा अन् जुना पार्ट मागून घ्या, तो स्वतःहूनही देते.