ओव्यांचं संशोधन: अनुदानावर की लोकवर्गणीवर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या नोंदवायच्या, तर पैसा दोन वाटांनी उभा राहू शकतो. एक अनुदानाची. रक्कम मोठी, मानधनाची सोय. पण प्रस्ताव, मंजुरी, हप्ते यांत दिवस जातात आणि ध्वनिमुद्रणं बहुधा अहवालाबरोबर कपाटात बंद होतात.

दुसरी लोकवर्गणीची, काम चालू असतानाच सगळं खुलं ठेवण्याची. मला हीच जवळची वाटते. कणकुंबीत टिपलेली ओवी त्याच आठवड्यात झेनोडो या ऑनलाइन साठ्यावर ठेवता येते. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने २०१३ साली सुरू केलेला हा साठा मोफत आहे, प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे ती शोधायला आणि तिचा संदर्भ द्यायला कायमचा ओळख क्रमांक देतो. मग निपाणीची एखादी मावशी ऐकून सांगेल, "आमच्याकडं दुसरी ओळ येगळी हाय." पाठभेद तिथंच टिपला जातो, अहवालासाठी तीन वर्षं थांबावं लागत नाही. बसच्या तिकिटापर्यंतचा हिशेबही वर्गणीदारांसमोर राहतो.

वर्गणी बेभरवशाची, हे खरं. संशोधनासाठी लोकवर्गणी जमवणाऱ्या एक्सपेरिमेंट या २०१२ पासूनच्या ऑनलाइन मंचावर ठरलेली रक्कम जमली नाही तर एक पैसाही हाती येत नाही. शिवाय ओवीत माहेर-सासरची नावं येतात, दुखणी येतात. गाणारी नको म्हणाली, तर ती ओवी वहीतच राहू द्यायची.