कॉलेजच्या कार्यक्रमांसाठी गुगल कॅलेंडर: तारीख सांभाळतं, गर्दी जमवत नाही

कॉलेजच्या ग्रुपवर कार्यक्रमाचं पोस्टर येतं ते चित्र म्हणून. तारीख, वेळ, सभागृह सगळं त्या चित्रातच. चार दिवसांनी कुणी ग्रुपमध्ये ‘वक्तृत्व’ टाईप करून शोधलं तर हाती काही लागत नाही, आणि मग तोच प्रश्न सुरू होतो: ‘सर, स्पर्धा नक्की कधी?’ या एका दुखण्यावर गुगल कॅलेंडर चांगलं औषध आहे. फुकट आहे, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतं. पण त्याच्या खोड्या माहीत नसतील तर सांस्कृतिक विभागाची फजिती ठरलेली.

मांडणी संगणकाच्या ब्राउझरमध्येच करावी. डावीकडे ‘अदर कॅलेंडर्स’समोरच्या अधिक चिन्हातून नवं कॅलेंडर तयार होतं. एकाच कॅलेंडरमध्ये सगळं कोंबू नका. सांस्कृतिक, शैक्षणिक आणि एनएसएससारखे सामाजिक उपक्रम अशी तीन वेगळी ठेवा, म्हणजे ज्याला फक्त परीक्षा आणि व्याख्यानं पाहायची आहेत तो बाकीच्यांची खूण काढून टाकतो. मग सेटिंगमध्ये ‘मेक अव्हेलेबल टू पब्लिक’वर खूण करायची आणि शेजारी ‘सी ऑल इव्हेंट डिटेल्स’ निवडलंय ना, हे पाहायचं. तिथे ‘फ्री-बिझी’ राहिलं तर विद्यार्थ्याला स्नेहसंमेलनाच्या जागी नुसतं ‘बिझी’ दिसतं. कॉलेजच्या स्वतःच्या डोमेनचं खातं असेल आणि प्रशासकाने बाहेर शेअर करणं बंद ठेवलं असेल, तर हा पर्याय मिळतच नाही. आधी त्यांना गाठा.

खरी सोय दरवर्षी त्याच तारखेला येणाऱ्या दिवसांची आहे. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १२ मार्चला यशवंतराव चव्हाण जयंती, १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. एकदा ‘दरवर्षी’ लावलं की काम संपलं. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन तर सांगलीकरांना चुकवून चालणार नाही. विष्णुदास भाव्यांचं १८४३ सालचं ‘सीता स्वयंवर’ इथलंच. पण तिथीने येणाऱ्या सणांना हा नियम लावू नका. गणेशोत्सव किंवा गुढीपाडवा ‘दरवर्षी’ म्हणून टाकला की पुढच्या साली तो चुकीच्या दिवशी येऊन बसतो. ते दरवर्षी पंचांग उघडून हातानेच भरायचे.

वर्षाचं वेळापत्रक एकदम चढवायचं तर एक्सेलमध्ये यादी करून सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) इम्पोर्ट करता येते. इथे सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते. रकान्यांची शीर्षकं इंग्रजीतच लागतात. तारखेत महिना आधी, दिवस नंतर. आपल्या सवयीने ०५/११ लिहिलं की रंगभूमी दिन ११ मे रोजी, ऐन सुट्टीत जाऊन पडतो. फाईल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरं टिकवणाऱ्या पद्धतीत) जतन केली नाही तर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. ‘दरवर्षी’ची सोय या फाईलमधून येत नाही, ती मागाहून लावावी लागते. म्हणून इम्पोर्ट नेहमी नव्या, रिकाम्या कॅलेंडरात करावं. घोळ झाला तर आख्खं कॅलेंडर पुसून पुन्हा सुरुवात करता येते. चालू कॅलेंडरात पडलेल्या ऐंशी चुकीच्या नोंदी एकेक वेचून काढण्यापेक्षा ते बरं.

युवा महोत्सवासारख्या कार्यक्रमांसाठी शीर्षकातच ‘तात्पुरती तारीख’ लिहून ठेवा. शिवाजी विद्यापीठाचा महोत्सव आधी जिल्हास्तरीय, मग मध्यवर्ती होतो, आणि परिपत्रक हाती येईपर्यंत कशाचीच खात्री नसते. पावसाळ्यात तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की मैदानावरचं सगळं पुढे ढकललं जातं. अशा वेळी नोंद डिलीट करू नका. ती गुपचूप गायब होते आणि ज्याने आधी पाहिली होती तो ठरल्या वेळी गेटवर हजर. नोंद तिथेच ठेवून शीर्षकाच्या सुरुवातीला ‘रद्द’ किंवा ‘पुढे ढकलला’ लिहा, नवी तारीख वेगळी टाका. चुकून डिलीट झालीच तर ती सुमारे ३० दिवस ट्रॅशमध्ये असते.

पोस्टर ड्राइव्हवरून जोडता येतं, पण लिंक ‘कुणालाही पाहता येईल’ अशी हवी. नाहीतर परवानगी मागणाऱ्या मेलचा पाऊस पडतो, तोही रात्री अकरा वाजता. स्थळाच्या रकान्यात नुसतं ‘सभागृह’ लिहू नये, कारण त्यावर दाबलं की नकाशा उघडतो आणि भलतंच सभागृह दाखवू शकतो. कॉलेजचं पूर्ण नाव आणि गाव तिथे, खोली क्रमांक शीर्षकात.

उणिवा दोन, आणि लहान नाहीत. आठवण ज्याची त्याने आपल्या फोनवर लावायची. मालकाला सगळ्यांच्या फोनवर घंटी वाजवता येत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी ग्रुपवर संदेश टाकावाच लागतो. शिवाय आयकॅल पत्त्यावरून (म्हणजे कॅलेंडरची लिंक टाकून) जोडलेल्या कॅलेंडरमध्ये बदल दिसायला १२ तासही लागू शकतात, म्हणजे सकाळी बदललेली वेळ दुपारच्या कार्यक्रमाला उपयोगाची नाही. विद्यार्थ्यांना गुगल खात्यातूनच जोडायला सांगा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी यातून तयार एक्सेल मिळेल ही आशाही सोडा. एक्स्पोर्ट केलं की आयसीएस फाईल येते, ती कॅलेंडर अ‍ॅपसाठी असते. हजेरी आणि फोटोंची नोंद वेगळीच ठेवावी लागेल.

कॅलेंडर तृतीय वर्षाच्या उत्साही विद्यार्थ्याच्या खात्यावर मात्र काढू नका. तो पास होऊन पुण्याला गेला की चावीही गेली. विभागाचं खातं मालक ठेवा, आणि किमान दोन प्राध्यापकांना बदल व शेअरिंग दोन्हीचे अधिकार द्या.