चेकइन्स्टॉल: टाकलेलं सॉफ्टवेअर काढताही येतं

लिनक्सवर सोर्समधून, म्हणजे मूळ कोड स्वतः बांधून, सॉफ्टवेअर टाकणाऱ्या नवख्याची पंचाईत ठरलेली. 'मेक इन्स्टॉल' झालं, सॉफ्टवेअर चाललं. आता काढायचं कसं? 'मेक अनइन्स्टॉल'ची सोय प्रत्येक मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांची फाइल) असतेच असं नाही. उबुंटू-डेबियनवर इथे चेकइन्स्टॉल हे छोटं साधन कामाला येतं. कॉन्फिगर (मशीनवर लागणाऱ्या गोष्टी आहेत का हे तपासणं) आणि मेक (कोड बांधणं) नेहमीसारखंच करायचं, फक्त शेवटी 'सुडो मेक इन्स्टॉल'च्या जागी 'सुडो चेकइन्स्टॉल'. कुठली फाइल कुठे गेली हे टिपून ते डेब पॅकेज (उबुंटू-डेबियनची इन्स्टॉल फाइल) बांधतं आणि बसवतं. नको झालं की 'एप्ट रिमूव्ह'.

बसवण्याआधी आकडे घातलेली यादी येते: २ नाव, ३ आवृत्ती, १० लागणारी पॅकेजेस. नवखे एंटर मारत सुटतात आणि आपटतात. नाव-आवृत्ती फोल्डरच्या नावावरून उचलली जाते. गिटहबवरून झिप घेतली असेल तर फोल्डरच्या शेपटीला 'मास्टर' किंवा 'मेन' असतं. तेच आवृत्ती म्हणून पुढे जातं आणि डीपीकेजी, म्हणजे डेब बसवणारा प्रोग्रॅम, अडतो, कारण त्याला आवृत्तीची सुरुवात अंकानेच लागते. ३ दाबून १.० लिहा, गाडी पुढे जाईल. फोल्डर बनवता येत नाही अशी तक्रार आली तर 'सुडो चेकइन्स्टॉल'ला '--एफएसट्रान्स=नो' हा पर्याय जोडून बघा. हे नवख्याला सुचणार कसं? इथे गुण कापले.

यादीतलं १०, म्हणजे लागणारी पॅकेजेस, रिकामं सोडलं तर आपल्या मशीनवर बहुधा निभावतं. पण तोच डेब पेन ड्राइव्हवरून मित्राला दिलात तर लागणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) नाही म्हणून त्याच्याकडे बंद पडेल.

कॉन्फिगरच्या टप्प्यावर मात्र चेकइन्स्टॉलची काडीची मदत नाही. 'झेडलिब डॉट एच' (झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीची हेडर फाइल) सापडत नाही म्हटलं की मंडळी 'झेडलिब१जी' टाकायला जातात, जे बहुतेक वेळा आधीच असतं. कोड बांधताना लागणाऱ्या हेडर फाइली असतात 'झेडलिब१जी-डेव्ह'मध्ये. ते टाका आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. कंपायलर आणि मेक देणारं बिल्ड-इसेन्शियल पॅकेज तर सगळ्यांत आधी.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर 'मेक -जे८' (एकाच वेळी आठ कामं) नको. मोठ्या सी++ प्रकल्पात रॅम संपते, कर्नल कंपायलरलाच मारतो, पडद्यावर 'किल्ड' एवढंच उरतं आणि लोक कोडमधली चूक शोधत बसतात. '-जे२' द्या, वेळ लागेल पण होईल.

चेकइन्स्टॉलला पाचपैकी साडेतीन गुण. बसवल्यावर शेअर्ड लायब्ररी सापडत नाही असं आलं, तर पुन्हा बिल्ड करू नका. लायब्ररींची नोंद ताजी करणारं 'सुडो एलडीकॉन्फिग' एकदा चालवा.