ब्लू वॉटर, व्हाइट डेथ: पिंजऱ्याबाहेर येतात तो सीन तरी बघाच

शार्कवरच्या डॉक्युमेंटरी खूप बघितल्यात, पण १९७१ ची ही फिल्म परवा दुसऱ्यांदा बघितली आणि परत अंगावर काटा आला. ग्रेट व्हाइट शार्क पाण्याखाली जवळून शूट करायचाच, या एका हट्टापायी अमेरिकन फिल्ममेकर पीटर गिंबल १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून बोट घेऊन निघतो, सोबत पाण्याखालचा कॅमेरामन स्टॅन वॉटरमन आणि ऑस्ट्रेलियाचं डायव्हर जोडपं रॉन-व्हॅलेरी टेलर, आणि हिंदी महासागरात महिनोन्महिने भटकूनही तो मासा काही दिसत नाही. हा मधला भाग काहींना रटाळ वाटेल, मला तोच खरा वाटला, कारण वाट बघणं हेच तर त्यांचं निम्मं काम होतं.

आता तो सीन. डर्बनजवळ मारलेल्या देवमाशाचे लचके तोडायला शार्कची नुसती झुंबड उडालीये, त्यात लांब पांढऱ्या टोकांच्या परांचे ओशनिक व्हाइटटिप, आणि हे चौघं शार्कपासून वाचायला पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्याचं दार उघडून सरळ बाहेर येतात! शार्क अंगाशी आला की कॅमेऱ्यानेच ढोसून बाजूला करायचा आणि परत शूटिंग चालू. बरं कॅमेरा फिल्मवाला, रोल संपला की पाण्यात बदलता येत नाही, वर जावंच लागतं. ऑस्ट्रियाचा डायव्हर-फिल्ममेकर हान्स हासने १९४० च्या दशकातच शार्क शूट केले होते, पण एवढ्या गर्दीत, खात सुटलेल्या शार्कच्या मधे जाऊन, तेही रंगीत, असं मी तरी त्या काळातलं दुसरं काही बघितलेलं नाही.

देवमाशाची शिकार मात्र बघवत नाही, लहान मुलांना दाखवू नका. आणि तोच ओशनिक व्हाइटटिप आज नामशेष व्हायच्या काठावर आहे, त्यामुळे तेवढे शार्क एकत्र बघताना पोटात कालवतं.

शेवटी दक्षिण ऑस्ट्रेलियात डेंजरस रीफला ग्रेट व्हाइट भेटतो एकदाचा. तिथली सोय ऑस्ट्रेलियन डायव्हर रॉडनी फॉक्सने केलेली, ज्याला १९६३ मध्ये ग्रेट व्हाइटनेच चावून जवळपास फाडला होता, ४६२ टाके पडले होते, आणि तोच माणूस परत त्याच पाण्यात! शार्क पिंजऱ्याचे गज दातात धरून झटके देतो आणि आतला माणूस गदागदा हलत असतानाही कॅमेरा सोडत नाही. मोबाईलवर नका बघू, मोठ्या स्क्रीनवर लाईट बंद करून बघा.