स्विचवर एसएनएमपी: व्ही२सी की व्ही३?

एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांची स्थिती दुरून वाचण्याचा प्रोटोकॉल; व्ही२सी आणि व्ही३ या त्याच्या आवृत्त्या. सिस्को आयओएसवर (सिस्कोच्या स्विचची कार्यप्रणाली) व्ही२सी एका ओळीत चालू होते: कम्युनिटीचे (म्हणजे पासवर्डसारख्या शब्दाचे) नाव, 'आरओ' (फक्त वाचण्याचा हक्क) आणि शेवटी अ‍ॅक्सेस-लिस्टचा (कोणत्या पत्त्यांना परवानगी, त्या यादीचा) क्रमांक. हा क्रमांक द्यायचा राहिला, तर कम्युनिटी माहीत असलेला कुणीही यूडीपी १६१ वरून माहिती वाचू शकतो. आणि ती माहीत होणे सोपे आहे, कारण ती नेटवर्कवर उघड्या मजकुरात जाते. 'पब्लिक' हे नाव आणि 'आरडब्ल्यू' हा (बदल करण्याचाही) हक्क ठेवूच नका.

व्ही३मध्ये व्ह्यू (कोणती माहिती दिसेल), ग्रुप, युजर या क्रमाने जा. ग्रुपला 'प्रिव्ह' पातळी (ओळख तपासणी आणि एन्क्रिप्शन दोन्ही) द्या, युजरला ओळख तपासणीसाठी एसएचए आणि एन्क्रिप्शनसाठी एईएस १२८. या दोन्हींचे पासवर्ड वेगळे, किमान ८ अक्षरांचे. खरी गोची पुढे आहे. युजरची ओळ रनिंग-कॉन्फिगमध्ये (स्विचच्या चालू सेटिंगमध्ये) दिसत नाही आणि त्याच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या इंजिन आयडीवरून (प्रत्येक स्विचची एसएनएमपीतली स्वतंत्र ओळख) तयार होतात. त्यामुळे बिघडलेल्या स्विचचा बॅकअप नव्यावर चढवला की ग्रुप येतो, युजर येत नाही. तो हाताने पुन्हा बनवावा लागतो. इंजिन आयडी बदलला तरी तेच.

दोष शोधायला मात्र व्ही३ बरे. व्ही२सीत कम्युनिटी चुको वा फायरवॉल अडवो, हाती फक्त टाइमआउट येतो. व्ही३ अनोळखी युजर की चुकीचा पासवर्ड, हे बहुधा सांगते.

६४ बिटी काउंटर (पोर्टवरून गेलेला डेटा मोजणारे मोठे आकडे) दोन्हींत आहेत, म्हणजे वेगवान पोर्टच्या आलेखांसाठी व्ही३ लागत नाही. तरीही नव्या स्विचवर आम्ही व्ही३च सुचवू. जुने यूपीएस, प्रिंटर व्ही२सीवरच अडले असतील, तर ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या स्वतंत्र आभासी नेटवर्कमध्ये) ठेवा. व्ही३ चालू झाल्यावर जुनी कम्युनिटीची ओळ काढायला विसरू नका.