केंब्रिज थिएटरमधील ‘मटिल्डा’

लंडनच्या सेव्हन डायल्स चौकातील केंब्रिज थिएटरमध्ये २०११ पासून सुरू असलेले रॉयल शेक्सपिअर कंपनीचे ‘मटिल्डा’ हे संगीत नाटक मी आठ वर्षांच्या लेकीसोबत पाहिले. रोआल्ड डाल यांची १९८८ सालची मूळ बालकादंबरी तिला रात्री वाचून दाखवताना मला ती खट्याळ आणि गमतीची वाटली होती. तिच्यातल्या मुलीचा एकटेपणा मात्र मला रंगमंचावरच प्रथम जाणवला.

याचे श्रेय मी संहितालेखक डेनिस केली यांना देईन. पुस्तकातली मटिल्डा झपाटल्यासारखी वाचते. नाटकातली मटिल्डा त्यापुढे जाऊन वाचनालयातल्या बाईंना स्वतः रचलेली गोष्ट थोडी थोडी करून सांगते: एक कसरतपटू स्त्री आणि कोणत्याही बंधनातून सुटून दाखवणारा तिचा नवरा यांची. ही उपकथा पुढे मुख्य कथेला कुठे येऊन मिळते, ते सांगून रसभंग करणार नाही. परंतु घरात जिचे कुणी ऐकत नाही, तिच्या कल्पनेला एक श्रोता मिळावा, ही योजना मला मूळ कथेइतकीच मोलाची वाटली.

टिम मिन्चिन यांची गाणी कथानक थांबवत नाहीत, पुढे नेतात. नव्या मुलांना मोठी मुले शाळेच्या फाटकाशी घाबरवतात, त्या गाण्यात इंग्रजी मुळाक्षरे क्रमाने शब्दांच्या उच्चारात दडवलेली आहेत आणि फाटकाच्या गजांत अक्षरांचे ठोकळे एकेक करून बसत जातात, तेव्हा कुठे ती खुबी ध्यानात येते. मुख्याध्यापिका ट्रंचबुल यांची भूमिका परंपरेने पुरुष नट करतो. स्त्रीभूमिका करणारे नट मराठी रंगभूमीला नवे नाहीत. पण बालगंधर्वांनी ज्या प्रथेतून लावण्य साकारले, तिच्यातूनच इथे दरारा उभा राहतो. याच बाईंचा आरडाओरडा टिपेला पोहोचलेला असताना सगळा कोलाहल विरतो आणि मटिल्डा एकटीच हळू आवाजात गाऊ लागते. माझ्या दृष्टीने तो या नाटकाचा सर्वोच्च क्षण आहे. उत्तरार्धाच्या आरंभी झोपाळ्यांवरून झेपावत मुले मोठेपणाची स्वप्ने गातात. झाडावर चढता येईल, रोज गोड खाता येईल, एवढीच त्यांची अपेक्षा ऐकून मला डोळे पुसावे लागले.

समूहगीतांतले शब्द इतक्या वेगाने येतात की इंग्रजीची सवय असूनही माझे काही निसटले, म्हणून गाणी आधी एकदा ऐकून जावीत. मध्यंतर धरून प्रयोग अडीच तासांहून थोडा अधिक चालतो. सहा वर्षांखालील मुलांना तो लांब वाटेल आणि ट्रंचबुलबाईंची भीतीही वाटेल. माझी लेक मात्र परतीच्या गाडीत फाटकाचे गाणे पुन्हा पुन्हा म्हणत, दडलेले प्रत्येक अक्षर बोटांवर मोजत होती.