तिकीट तपासून घेतलं होतं, तरी विमानात बसू दिलं नाही

परदेशात जाताना सांभाळा, तिथले टॅक्सीवाले लुटतात, पाकीट मारतात, असं आपल्याकडे जो तो सांगतो. आमचे दोन लाख वीस हजार रुपये गेले ते आमच्याच तालुक्याच्या गावात, बसस्टँडसमोरच्या एका दुकानात. दुकानदार ओळखीचा, बाबांच्या पाया पडणारा. यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या खेड्यांतून आता बरीच मंडळी टूर कंपनीच्या मागे न लागता, कमी पैशात, थायलंड-श्रीलंका-व्हिएतनामला निघू लागली आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्या पद्धतीनं आम्हाला फसवलं ती तिकीट तपासल्यावरही ध्यानात येत नाही.

आम्ही पाच जण होतो. बाबा, काका, काकू, आत्या आणि मी. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, काकांची कोरडवाहू शेती. आमच्या आजीनं १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी घरातलं कुणी ना कुणी दीक्षाभूमीवर जातंच. बँकॉकच्या वाट फो विहारातली ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आत्यानं मोबाइलवर पाहिली आणि ‘एकदा पाह्याची हाये’ म्हणून धरूनच बसली. नागपूर ते हावडा रेल्वेनं आणि कोलकात्याहून पुढं विमानानं गेलं तर मुंबईपेक्षा खर्च बराच कमी येतो, विमानही अडीच-तीन तासांत पोचतं. एवढं आम्ही घरीच ठरवलं होतं. कापसाचे पैसे हातात आले होते. तिकिटं तेवढी दुकानातून काढायची होती, कारण पाच जणांचं एकत्र भाडं बाबांच्या कार्डावरून जात नव्हतं.

दुकानदारानं माणशी ४४,००० सांगितले आणि कागदावर हिशेब मांडून दिला. तिकीट २४,०००, हॉटेल ९,०००, थायलंडचा व्हिसा ३,५००, तिथल्या प्रवेशाचं डिजिटल कार्ड १,२००, विमा १,८००, सरकारी टीसीएस (परदेशी टूरच्या पैशांवर विकणाऱ्यानं आधीच कापून घ्यायचा आयकर) ५ टक्क्यांनी १,९७५, आणि उरलेले २,५२५ त्याची मेहनत. एवढा तपशील लिहून देणारा माणूस खोटा असेल असं कुणाला वाटणार? मला मात्र तिकिटाची काळजी होती, म्हणून मी पीएनआर मागितला. त्यावर तो म्हणाला, “मॅडम, माह्यावर भरोसा ठेवूच नका. आता माह्यासमोर कंपनीच्या साइटवर टाका, तुमीच पाहून घ्या.” मी तिथंच बसून सहा अक्षरी पीएनआर आणि बाबांचं आडनाव विमान कंपनीच्या साइटवर टाकलं. पाचही नावं आली, तारीख आली, ‘कन्फर्म्ड’ असं हिरव्या अक्षरांत आलं. बाबांनी त्याच दिवशी उरलेली रक्कम दिली, थोडी फोनवरून, थोडी रोख. त्यानं रंगीत प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ती सगळी तिकिटं रद्द केली.

हे कसं जमतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथंच आहे. प्रवास आठवडाभर तरी लांब असेल आणि तिकीट काढल्यापासून २४ तासांच्या आत रद्द केलं, तर कंपनीनं रद्दीचे पैसे कापायचे नाहीत, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम त्या वेळी होता. प्रवाशाच्या सोयीसाठीच तो केलेला. नावात चूक झाली, तारीख चुकली, तर नुकसान होऊ नये हा हेतू. पण बुकिंगवर मोबाइल नंबर त्याचा होता, ईमेल त्याचा होता आणि भाडं त्याच्या कार्डावरून गेलं होतं. परतावा ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर जातो. त्याला सगळे पैसे परत मिळाले. आम्हाला एक मेसेजसुद्धा आला नाही, कारण आमचा नंबर तिथं नव्हताच. पीएनआर खरा, तपासणी खरी, छापील तिकीटही त्या दिवशी खरंच होतं.

हॉटेलचंही तसंच. बुकिंगच्या साइटवर आधी पैसे न भरता खोली धरता येते आणि ठरावीक तारखेपर्यंत फुकटात सोडता येते. त्यानं खोल्या धरल्या, आम्हाला पावती दिली, खोल्या सोडून दिल्या. हे तर आणखी वाईट ठरलं असतं. बँकॉकच्या विमानतळावर अधिकारी कधी कधी परतीचं तिकीट, राहण्याची जागा आणि जवळचे पैसे दाखवायला सांगतो. तिथं हॉटेलवाल्यानं ‘असं नावच नाही’ म्हटलं असतं, तर साठी ओलांडलेल्या आत्याला घेऊन मी काय केलं असतं?

मधल्या काळात हा माणूस कुठं पळाला नाही. रोज दुकानात बसायचा. बाबा बाजाराला गेले की चहा पाजायचा, ‘थंडीचं जॅकेट नका नेऊ, तिकडं उकाडा हाये’ असं सांगायचा. निघायच्या दोन दिवस आधी मी वेब चेक-इनचं, म्हणजे घरूनच ऑनलाइन नोंद करून बोर्डिंग पास घेण्याचं, विचारलं, तर म्हणाला, “ते तुमी नका करू, नाव अडकते. मी करतो.” मग संध्याकाळी फोन, की सिस्टीम बंद आहे, काउंटरवरच होईल. आता विचार केला तर सगळ्यात मोठी खूण ही होती. जो माणूस तुम्हाला तुमचं चेक-इन करू देत नाही, त्याच्याकडच्या बुकिंगमध्ये काही तरी आहे असं समजा आणि लगेच पीएनआर पुन्हा टाकून पाहा.

कोलकाता विमानतळाच्या दारावर सीआयएसएफच्या जवानानं प्रिंट आणि पासपोर्ट पाहून आत सोडलं. काकू पहिल्यांदाच विमानतळ बघत होती, सामानाच्या गाडीला धरून धरून चालत होती. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट घेतले, दोनदा टाइप केलं, मग शेजारच्या मुलाला बोलावलं. त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि हळू आवाजात म्हणाला, “ये तो अगले ही दिन कैंसल हो गया था, आंटी.” बाबा फोल्डर उघडून पुन्हा पुन्हा तोच कागद पुढं करत होते. एवढी वर्षं लोकांची तिकिटं तपासलेला माणूस, त्याला हातातलं तिकीट चालत नाही हे पटतच नव्हतं. आत्या खाली बसली आणि म्हणाली, “मंग आता घरी जाऊन काय सांगाचं?” दुकानदाराचा फोन वाजत होता, तो उचलत नव्हता. त्या क्षणी नवी तिकिटं काढायची तर माणशी भाडं दुपटीच्या वर होतं. आम्ही परत हावड्याला आलो, जनरलच्या डब्यातून नागपूर.

परत आल्यावर त्याच्या हिशेबाच्या कागदाची एकेक ओळ मी तपासत गेले.

व्हिसाचे ३,५००. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली आणि जुलै २०२४ मध्ये मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवली. आम्ही निघालो तेव्हा ती चालू होती. म्हणजे जे लागतच नव्हतं त्याचे पाच जणांचे १७,५०० घेतले. हे नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर पाहा, दुकानदाराच्या तोंडून नाही. डिजिटल कार्ड म्हणजे टीडीएसी. १ मे २०२५ पासून ते सगळ्या परदेशी लोकांना भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. सरकारी साइट tdac.immigration.go.th ही. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, कार्डाचे पैसे मागणाऱ्या साइट्स सर्चमध्ये वर दिसतात, तेवढ्या टाळा. व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो, त्याची सरकारी फी एका प्रवेशासाठी २५ डॉलर आहे. त्याची साइट शेवटी gov.vn अशी संपते, श्रीलंकेच्या ईटीएची (निघण्याआधी ऑनलाइन घ्यायच्या प्रवेश परवानगीची) gov.lk अशी. पत्त्याचा शेवट बघायची सवय ठेवा. नेपाळला, म्हणजे लुंबिनीला जायचं असेल तर आपल्याला व्हिसा नाही आणि रस्त्यानं जाताना पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. सुनौलीच्या सीमेवर ‘परमिट काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

विम्याचा कागद रंगीत, शिक्क्यासह होता. कंपनीच्या ग्राहक सेवेला पॉलिसी नंबर सांगितला, तर असा नंबरच नाही म्हणाले. टीसीएसची गोष्ट मला एका सीए ओळखीच्यानं सांगितली, आणि ती फार कामाची आहे. टूरच्या पैशांवर दुकानदारानं खरंच टीसीएस कापून भरला असेल, तर तो तुमच्या पॅनवर, आयकर खात्याच्या साइटवरच्या करनोंदीत (आमच्या वेळी २६एएस फॉर्ममध्ये) दिसतो. बाबांच्या २६एएसमध्ये एक रुपया नव्हता. त्यानं पॅन मागितलाच नव्हता, तिथंच ओळखता येतं. पॅन न मागता टीसीएस घेणारा तो पैसा सरकारला देणार नाही.

पासपोर्टचंही सांगून ठेवते. काकूच्या पासपोर्टचे त्यानं ४,५०० घेतले होते. मोठ्या माणसाच्या ३६ पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टची सरकारी फी १,५०० आहे आणि तात्काळ हवा असेल तर आणखी २,०००. पोलीस पडताळणीला फी नाही. ‘साहेबांचे पाचशे’ असं कुणी म्हटलं तर ते साहेबांना विचारूनच द्या, बहुतेक वेळा मधला माणूसच खातो.

आता तिकिटाबद्दल मी गावात प्रत्येकाला एकच गोष्ट धरून सांगते. बुकिंगवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. ईमेल नसेल तर मुलाचा, भाचीचा द्या, पण दुकानदाराचा नको. मग रद्द झालं, वेळ बदलली, काहीही झालं तरी निरोप तुमच्याकडे येईल. शक्य असेल तर पैसे घरातल्याच कार्डावरून किंवा यूपीआयवरून कंपनीच्या साइटवर भरा. एकदम पाच जणांचं जमत नसेल तर दोन-तीन करून काढा. दुकानातूनच काढायचं असेल तर पैसे त्याच्या स्वतःच्या नंबरवर न देता दुकानाच्या खात्यावर द्या आणि जीएसटी नंबर असलेलं बिल घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या तिकिटावर पीएनआरशिवाय १३ अंकी तिकीट नंबरही असतो. तो नसेल तर नुसती जागा धरलेली असू शकते, पैसे भरलेले नसतात. इंडिगोसारख्या स्वस्त कंपन्यांत पीएनआरवरच काम चालतं, तिथं हा नियम लावू नका. आणि पीएनआर दुकानात एकदा पाहून थांबू नका. दोन दिवसांनी पाहा, आठवड्यानं पाहा, निघायच्या आदल्या दिवशी तर पाहाच.

नंतर आम्ही गेलो, स्वतःच सगळं करून. सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात रेल्वेनं माणशी ४५ बाथ लागले. अयुत्थयाला, म्हणजे थायलंडच्या जुन्या राजधानीला, तिसऱ्या वर्गाच्या गाडीनं वीसेक बाथमध्ये जाता येतं, खिडक्या उघड्या, बाहेर भातशेतं. आत्या पूर्ण रस्ता बाहेरच बघत होती. राजवाड्याजवळ एक माणूस आलाच, ‘आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ म्हणायला. त्याला तसंच मागे ठेवून आम्ही फाटकाशी गेलो, फाटक उघडंच होतं. हे लोक रिक्षातून रत्नांच्या दुकानात नेतात. एटीएममधून पैसे काढताना यंत्र ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारतं, तिथं नाही म्हणा आणि बाथमध्येच घ्या. रूपांतर करू दिलं तर दर बराच महाग पडतो.

तक्रारीचं शेवटी सांगते, कारण बहुतेक लोक ‘जाऊ द्या, गेले पैसे’ म्हणून सोडून देतात आणि तसल्या माणसाला तेच हवं असतं. आम्ही विमान कंपनीला ईमेल करून तिकीट कधी रद्द झालं आणि परतावा कुठल्या पद्धतीनं दिला हे लेखी मागितलं. तारीख आणि वेळ लेखी आली. तोच आमचा सगळ्यात मोठा पुरावा ठरला. पोलीस ठाण्यात फसवणुकीची, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार दिली. आधी ‘आपसात मिटवा’ म्हणाले, पण कंपनीचा ईमेल पाहिल्यावर लिहून घेतली. त्यानंतर त्यानं ऐंशी हजार परत केले. बाकीसाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. २०१९ च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र गेलं पाहिजे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, समोरच्याचं खातं गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. हाताने लिहिलेला हिशेबाचा कागद, फोनवरचे मेसेज, प्रिंट, यूपीआयची पावती, यातलं काहीही फेकू नका. आमच्या तक्रारीला जोडलेला पहिला कागद तोच आहे, ज्यावर त्यानं स्वतःच्या अक्षरात ‘व्हिसा ३,५००’ लिहून दिलं होतं.